मेहेरबानी नको, हक्क हवा : हॅम्पशायरच्या अपंगांनी कौन्सिलची व्यवस्था कशी वाकवली

‘पुनर्रचना’ हा शब्द सरकारी कागदावर दिसला की आपल्या माणसाने आधी आपला खिसा आणि मग आपली नोकरी चाचपून पाहावी. ६ सप्टेंबर २०२३ चा महाराष्ट्र सरकारचा शासन निर्णय आठवा. सरकारी कामाला लागणारी माणसे नऊ खाजगी एजन्सींमार्फत घ्यायची, असे त्यात ठरले होते. तरुणांनी आवाज उठवला आणि दीड महिन्यात तो निर्णय मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, पण त्यामागचा विचार मागे गेलेला नाही. काम सरकारचे, पैसा जनतेचा, माणूस कंत्राटदाराचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, हा तो विचार.

हा विचार जन्माला कसा येतो, वाढतो कसा आणि त्याला अडवता कसे येते, हे समजून घ्यायचे असेल तर आज मी तुम्हाला इंग्लंडमधल्या एका कौंटीत घेऊन जाणार आहे. हॅम्पशायर हे तिचे नाव. तिथली कौंटी कौन्सिल म्हणजे ढोबळमानाने आपली जिल्हा परिषद. म्हातारे, अपंग आणि दीर्घ आजारी प्रौढ माणसांना रोजच्या जगण्यात लागणारी मदत, म्हणजे उठवणे, आंघोळ घालणे, जेवू घालणे, बाहेर नेणे, ही तिथे कौन्सिलची कायदेशीर जबाबदारी आहे. तिथे तिला ‘सोशल केअर’ म्हणतात. या जबाबदारीची गेल्या सुमारे १९० वर्षांत तिथे अनेकदा पुनर्रचना झाली. त्यातली बहुतेक वरून झाली. एकच खालून झाली, ज्यांना मदत लागते त्यांनी स्वतः केलेली. आपल्या चळवळीने अभ्यास करावा अशी ती आहे.

बाबासाहेबांचे गुरू आणि गरीबपट्टी

काही जण म्हणतील, इंग्लंडच्या कौन्सिलशी आपला काय संबंध? संबंध जुना आहे. बाबासाहेब १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले, १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. तिथले त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथाची प्रस्तावना त्यांचीच. याच कॅनन यांनी १८९६ साली इंग्लंडमधील स्थानिक करांचा इतिहास लिहिला होता. त्या इतिहासाच्या मध्यभागी एक कर आहे : गरीबपट्टी. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक चर्चच्या हद्दीतल्या गावाने, म्हणजे पॅरिशने, आपल्या गावच्या निराधारांसाठी घरमालक-जमीनमालकांकडून पट्टी गोळा करायची, असे ठरले. इंग्लंडमधली स्थानिक करव्यवस्था या पट्टीभोवती वाढली.

एवढेच नाही. बाबासाहेब शिकले ती संस्था उभी करणाऱ्यांत सिडनी आणि बिॲट्रिस वेब हे जोडपे आघाडीवर होते. बिॲट्रिस वेब गरीब-कायद्यावरच्या शाही आयोगाच्या सदस्य होत्या. १९०९ साली आयोगातल्या अल्पमताच्या अहवालात त्यांनी मागणी केली, की गरीब-कायदा मोडून काढा आणि आजारी, म्हातारे, मुले यांची कामे निवडून आलेल्या कौन्सिलच्या वेगवेगळ्या समित्यांकडे द्या.

आणि बाबासाहेबांचा १९२५ साली प्रसिद्ध झालेला प्रबंध कशावर आहे? ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर. म्हणजे कोणता खर्च केंद्राने उचलायचा, कोणता प्रांताने, आणि पैसा न देता जबाबदारी खाली ढकलली की काय होते, यावर. हा प्रश्न वरवर हिशेबनिसाचा वाटतो. पण खर्च कोणाच्या खात्यावर पडतो हे ठरले की हक्क कोणाकडे मागायचा हेही ठरते. हे सूत्र हातात धरून आता हॅम्पशायरला जाऊ.

अँडोव्हर, १८४५ : हाडे फोडणारी भुकेली माणसे

१८३४ साली इंग्लंडच्या संसदेने गरीब-कायद्याची मोठी पुनर्रचना केली. कारण सांगितले खर्चाचे. गरीबपट्टी फार वाढली, घरी बसून मदत मिळाली की माणसे आळशी होतात, असा जमीनमालकांचा युक्तिवाद होता. म्हणून अनेक पॅरिशची मिळून एक युनियन केली, तिच्यावर पालक मंडळ नेमले आणि मदत हवी असेल तर वर्कहाऊसमध्ये येऊन राहा, अशी अट घातली. वर्कहाऊसमधले जगणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्यापेक्षा वाईटच असले पाहिजे, हे त्या कायद्याचे उघड तत्त्व होते. नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुले तिसऱ्या. अंगावर गणवेश. दाराशी आलेल्या माणसाला आत येण्याची लाज वाटली पाहिजे, अशीच ती रचना.

धडधाकट आळशांना वठणीवर आणू म्हणून बांधलेल्या या इमारतींत प्रत्यक्षात भरले कोण? म्हातारे, अपंग, आजारी, अनाथ, विधवा. व्यवस्था ज्यांच्या नावाने बांधली ते वेगळे आणि तिच्याखाली चिरडले गेले ते वेगळे.

हॅम्पशायरमधल्या अँडोव्हरच्या वर्कहाऊसमध्ये लोकांना जनावरांची हाडे फोडून खत करायचे काम दिले जाई. १८४५ साली बाहेर आले, की पोटाला इतके कमी मिळत होते की माणसे त्या हाडांतला सडका मगज आणि त्यांना चिकटलेले मांस खाण्यासाठी आपसांत झुंजत होती. पालक मंडळातल्या ह्यू मंडी या एका सदस्याने हे उघड केले. वर्तमानपत्रांनी ते लावून धरले, १८४६ साली संसदेची समिती बसली आणि १८४७ साली गरीब-कायदा आयोग बरखास्त झाला. त्याच्या जागी काय आले? नवे मंडळ. वर्कहाऊस तसेच राहिले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. सरकारी मदत घेणाऱ्या माणसाला त्या काळी मताचा अधिकार नव्हता. ही अपात्रता १९१८ च्या कायद्याने गेली. म्हणजे जवळपास शतकभर ही व्यवस्था ज्यांच्यावर चालली त्यांना ती चालवणाऱ्यांना निवडण्याचा किंवा पाडण्याचा अधिकार नव्हता. बाबासाहेब १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीसमोर उभे राहून अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि स्वतंत्र प्रतिनिधित्व का मागत होते, ते या उदाहरणावरून कळते. मताशिवायच्या माणसाची दया येते, त्याचा धाक वाटत नाही.

पाटी बदलली, इमारत तीच

१ एप्रिल १९३० पासून पालक मंडळे गेली आणि त्यांचे काम कौंटी कौन्सिलकडे आले. त्यानंतर ५ जुलै १९४८. त्या दिवशी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि त्याच दिवशी राष्ट्रीय साहाय्य कायदा अमलात आला. जुना गरीब-कायदा या कायद्याने रद्द केला. मजूर पक्षाचे सरकार होते, हेतू चांगला होता. त्याला कमी लेखायचे कारण नाही.

पण या पुनर्रचनेत एकाच माणसाचे तीन तुकडे झाले. त्याच्या हातात येणारा रोख पैसा केंद्राच्या मंडळाकडे, त्याचा आजार आरोग्य सेवेकडे आणि त्याची रोजची काळजी स्थानिक कौन्सिलकडे. आरोग्य सेवा सर्वांना मोफत. काळजी मात्र उत्पन्न तपासून, आणि कौन्सिलला परवडेल तेवढी. कर्करोग झाला तर हक्क, स्मृतिभ्रंश झाला तर अर्ज. ७५ वर्षे उलटून गेली तरी इंग्लंडला ही भिंत पाडता आलेली नाही.

आणि इमारती? समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी इंग्लंड-वेल्समधल्या १७३ वृद्धाश्रमांना भेटी दिल्या आणि १९६२ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुष्कळ ठिकाणी जुने वर्कहाऊसच नव्या नावाने चालू होते. पाटी बदलली, रंग दिला, पण आतल्या म्हाताऱ्याने किती वाजता उठायचे आणि कोणाच्या शेजारी झोपायचे, हे दुसरेच कोणी ठरवत होते.

पुढची पुनर्रचना १९६८ च्या सीबोम समितीच्या अहवालातून आली. मुले, म्हातारे, अपंग यांच्यासाठीचे विखुरलेले विभाग एकत्र करून प्रत्येक मोठ्या कौन्सिलमध्ये एकच समाजसेवा विभाग करायचा. १९७० साली तसा कायदा झाला आणि १९७१ पासून हे विभाग सुरू झाले. खिडक्या कमी झाल्या, हे चांगलेच. पण खिडकीच्या कोणत्या बाजूला कोण, हे काही बदलले नाही.

ल कोर्ट : कमिटीत आम्ही का नाही?

याच हॅम्पशायरमध्ये लिस गावाजवळ ‘ल कोर्ट’ नावाचे एक घर होते. दुसऱ्या महायुद्धातले गाजलेले वैमानिक लेनर्ड चेशायर यांनी १९४८ साली तिथे अपंगांसाठी आश्रम सुरू केला. पुढे या ‘चेशायर होम्स’चे जाळे भारतासह अनेक देशांत पसरले. संस्था धर्मादाय, पण राहणाऱ्यांचा खर्च कौन्सिल भरत असे.

पॉल हंट नावाचा एक तरुण १९५६ साली तिथे राहायला आला. स्नायूंचा आजार असल्यामुळे तो चाकाच्या खुर्चीत होता. झोपायची वेळ कोणती, बाहेर जायला परवानगी लागते का, कारभारात आपले म्हणणे कोण ऐकते, अशा वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर तो आणि त्याचे सोबती व्यवस्थापनाशी भांडू लागले. आपल्या बाजूने कोणी तज्ज्ञ बोलेल या आशेने त्यांनी संशोधकांना बोलावले. मिलर आणि ग्विन या दोघांचे पुस्तक १९७२ साली आले. त्याचा सूर असा, की या लोकांचा सामाजिक मृत्यू आधीच झालेला आहे, आता खरा मृत्यू येईपर्यंत त्यांना नीट सांभाळणे एवढेच संस्थेचे काम उरते. बोलावले साक्षीदार म्हणून आणि त्यांनी लिहिले मृत्युपत्र! तटस्थ तज्ज्ञ कोणाच्या बाजूचे असतात, हे त्या दिवशी ल कोर्टच्या लोकांना पुरते कळले.

त्याच वर्षी, २० सप्टेंबर १९७२ रोजी, हंटचे एक पत्र ‘गार्डियन’ दैनिकात छापून आले. आश्रमांत कोंडलेल्या अपंगांनी आपली स्वतःची संघटना करावी, एवढेच त्यात आवाहन होते. त्यातून ‘युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन’ ही संघटना उभी राहिली. सेग्रिगेशन म्हणजे वेगळे काढणे, वस्तीबाहेर ठेवणे. हा शब्द त्यांनी सहज निवडला नव्हता. हंटच्या बरोबरीचे विक फिंकेलस्टाइन दक्षिण आफ्रिकेतले. वर्णभेदाविरुद्ध काम केल्याबद्दल त्यांना तिथे तुरुंगवास आणि बंदीहुकूम भोगावा लागला होता आणि १९६८ साली ते निर्वासित म्हणून ब्रिटनमध्ये आले होते. माणसांना वेगळे कोंडायची व्यवस्था त्यांनी ओळखली नसती तरच नवल.

१९७६ साली या संघटनेने आपली भूमिका छापली. शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी. पाय चालत नाहीत ही उणीव. पायऱ्या बांधून ठेवणारा, नोकरी नाकारणारा, आश्रमात कोंडणारा समाज त्या माणसाला अपंग करतो. आपल्याला हे नवे वाटायचे कारण नाही. अस्पृश्यता अस्पृश्याच्या अंगात नसते, ती पाळणाऱ्याच्या डोक्यात आणि त्याने उभ्या केलेल्या व्यवस्थेत असते, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो आहोत.

आणि ‘कमिटीत आम्ही का नाही’ हा प्रश्नही आपल्या ओळखीचा आहे. १९३२ साली स्थापन झालेल्या आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. अस्पृश्यांसाठीच्या संस्थेच्या कारभारात अस्पृश्य का नाहीत? गांधीजींचे उत्तर होते, की हा संघ सवर्णांच्या प्रायश्चित्तासाठी आहे, ऋण त्यांचे आहे, ते कसे फेडायचे हे त्यांनी ठरवावे. बाबासाहेब अशा संस्थेत राहिले नाहीत. दाता ठरवतो तेव्हा दान मिळते. घेणारा बरोबरीने बसून ठरवतो तेव्हाच हक्क मिळतो.

प्रोजेक्ट ८१ : खालून झालेली पुनर्रचना

१९७९ साली पॉल हंट गेला. त्याच वर्षी ल कोर्टमधल्या जॉन इव्हान्स आणि त्यांच्या सोबत्यांनी एक गट केला. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचे अपंग वर्ष असणार होते, म्हणून गटाचे नाव ‘प्रोजेक्ट ८१’. त्यांनी मोर्चा काढण्याआधी हिशेब मांडला. आम्हाला या आश्रमात ठेवण्यासाठी कौन्सिल दर आठवड्याला पैसे भरते. तेच पैसे आम्हाला द्या. आम्ही गावात घर घेऊ, मदतनीस आम्ही निवडू, त्याला कामाला आम्ही लावू. आम्ही किती वाजता उठायचे ते आम्ही ठरवू.

कौन्सिलचा खर्च वाढत नव्हता. तरी अडचण निघालीच. १९४८ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिलला अपंगाच्या हातात रोख पैसा देता येत नव्हता. सेवा द्या, पैसा देऊ नका! गरिबाच्या हाती पैसा दिला की तो उधळतो, हा १८३४ चा संशय कायद्याच्या कलमात जिवंत होता. मग वाट काढली ती अशी : कौन्सिलने पैसे पूर्वीसारखे संस्थेलाच द्यायचे आणि संस्थेने ते त्या माणसाकडे पोचवायचे. वाटाघाटींना वर्षे गेली. १९८३ साली जॉन इव्हान्स ल कोर्टमधून बाहेर पडून आपल्या घरात राहायला गेले. त्यांच्यासारखे आणखीही बाहेर पडले. एकमेकांना हिशेब, मदतनीसांची नेमणूक, कौन्सिलशी बोलणी हे सगळे शिकवण्यासाठी त्यांनी हॅम्पशायरमध्ये स्वतःचे केंद्र काढले. अपंगांनीच चालवलेले ब्रिटनमधल्या पहिल्या केंद्रांपैकी ते एक.

ही पद्धत इतर कौन्सिलमध्ये पसरली. चळवळीने दहा-बारा वर्षे रेटा लावल्यावर १९९६ साली संसदेने थेट रक्कम देण्याचा कायदा केला. सुरुवातीला ६५ वर्षांपर्यंतच्या लोकांसाठी, आणि २००० सालापासून म्हाताऱ्यांसाठीही. चाकाच्या खुर्चीतल्या मूठभर माणसांनी आश्रमात बसून देशाचा कायदा बदलला.

शब्द आपला, माल त्यांचा

इथे लेख संपवता आला असता तर बरे झाले असते. पण इतिहास टाळ्यांवर संपत नाही.

ही माणसे स्वातंत्र्य मागत होती त्याच काळात थॅचर सरकार बाजार उभा करत होते. १९९० साली नवा कायदा झाला आणि १९९३ पासून तो पुरता अमलात आला. कौन्सिलने आता सेवा द्यायची नव्हती, गरज तपासायची आणि सेवा विकत घ्यायची. केंद्राने बदलासाठी दिलेल्या खास अनुदानातले ८५ टक्के पैसे कौन्सिलबाहेरच्या पुरवठादारांवर खर्च करण्याची अट होती. म्हणजे कौन्सिलला पर्याय ठेवलाच नाही. १९९२ साली घरपोच काळजीचे ९८ टक्के तास कौन्सिलचे स्वतःचे कर्मचारी देत होते. वीस वर्षांत चित्र उलटे झाले. जवळपास नऊदशांश काम कंत्राटी कंपन्यांकडे गेले.

२०११ साली ‘सदर्न क्रॉस’ कोसळली. देशातली सर्वांत मोठी वृद्धाश्रम कंपनी, सुमारे ३१ हजार म्हातारी माणसे तिच्या आश्रमांत. कंपनीच्या वाढीचा मार्ग असा होता, की आश्रमाच्या इमारती विकायच्या, त्याच भाड्याने घ्यायच्या आणि आलेल्या पैशावर आणखी पसरायचे. भाडे चढत गेले, कौन्सिलने पाठवलेली माणसे आणि दर कमी झाले, खेळ संपला. नफा घेऊन गुंतवणूकदार आधीच बाहेर पडले होते. म्हाताऱ्यांना रस्त्यावर कोण येऊ देणार नाही? शेवटी कौन्सिलच. जबाबदारी कायद्याने तिच्याकडेच उरली होती, फक्त ती पार पाडायची ताकद तिने विकून टाकली होती.

चळवळीने आणलेल्या कल्पनेचेही तेच झाले. ‘निवड’, ‘स्वातंत्र्य’, ‘तुमचे बजेट तुमच्या हाती’ हे शब्द सरकारने उचलले. २०१४ च्या केअर कायद्यात प्रत्येकाच्या नावे बजेट काढायची तरतूदही आली. पण २०१०-११ ते २०१७-१८ या काळात केंद्राकडून कौन्सिलना मिळणारा निधी महागाई धरून जवळपास निम्म्यावर आला. बजेट तुमच्या हाती, पण बजेटमध्ये काय? गंभीर अपंगत्व असलेल्यांना थेट मदत देणारा ‘इंडिपेंडंट लिव्हिंग फंड’ १९८८ पासून होता. त्यावर सुमारे १८ हजार माणसे अवलंबून होती. ३० जून २०१५ रोजी तो बंद करून इंग्लंडमध्ये जबाबदारी कौन्सिलकडे ढकलली. त्याच्या काही दिवस आधी अपंग कार्यकर्ते चाकाच्या खुर्च्या घेऊन संसदेच्या सभागृहाच्या दारावर धडकले होते. दार उघडले नाही.

आपल्याला ही चालही ओळखीची आहे. बाबासाहेबांचा फोटो लावायचा, समतेला ‘समरसता’ म्हणायचे आणि शिष्यवृत्ती थकवायची. अपंगांना न विचारता त्यांचे नाव ‘दिव्यांग’ करायचे आणि रॅम्प बांधायचा नाही. ‘हरिजन’ म्हणून गौरव झालेल्या समाजाला नाव बदलण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

काळजी करणाऱ्या हातांचे काय?

आता एक कडू प्रश्न. प्रोजेक्ट ८१ च्या वाटेवर तेव्हाच काही कामगार संघटना आणि डाव्या विचाराचे नगरसेवक शंका घेत होते. प्रत्येक अपंग स्वतंत्र मालक झाला, तर कौन्सिलमधल्या कायम नोकऱ्या जातील आणि मदतनीस एकटा पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. ही शंका खोटी नव्हती. पण तिचे उत्तर अपंगाला आश्रमात कोंडून ठेवणे हेही नव्हते. कायम नोकरीतला कर्मचारीसुद्धा रात्री आठला सगळ्यांना झोपवत असेल, तर त्या कायमपणाचा उपयोग झोपणाऱ्याला काय?

खरी चूक अशी झाली, की काळजी घेणारा आणि काळजी लागणारा यांना एकमेकांसमोर उभे केले गेले आणि पैसा वरच्या वर कंपनीकडे गेला. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याच्या वेळेचा पगार नाही, काही कौन्सिलच्या कंत्राटांत भेटीला १५ मिनिटे. १५ मिनिटांत म्हाताऱ्या बाईला आंघोळ घालणार की जेवू घालणार? हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि त्यांत स्थलांतरित, कृष्णवर्णीय, आशियाई मोठ्या संख्येने. माणसे मिळेनात म्हणून फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी कामगारांना व्हिसा देऊ लागले. आपल्या देशातूनही खूप जण गेले. व्हिसा मालकाशी बांधलेला. मालकाने काम दिले नाही किंवा त्याचा परवाना गेला, तर देश सोडायची टांगती तलवार. मार्च २०२४ पासून कुटुंब आणायला बंदी आणि जुलै २०२५ पासून नवी परदेशी भरतीच बंद. घाण काढायला माणूस हवा, पण शेजारी राहायला नको. हे वाक्य कुठल्या देशाचे आहे ते तुम्हीच सांगा.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला पायऱ्यापायऱ्यांची विषमता म्हटले. वरच्या पायरीवरचा खालच्याला तुडवत राहतो, म्हणून सगळे मिळून शिडी उलथवत नाहीत. कंत्राटी काळजीव्यवस्था तशीच चालते. अपंग मदतनीसावर चिडतो, मदतनीस अपंगावर, आणि कंत्राट ठरवणारा दिसतच नाही.

तरी वाट बंद नाही. लंडनमधल्या हॅमरस्मिथ आणि फुलम या कौन्सिलने २०१५ पासून घरपोच काळजीचे शुल्क बंद केले. नंतर तिने अपंग रहिवाशांचाच आयोग नेमला. सल्ला देण्यासाठी नव्हे, तर सेवा कशी असावी हे कौन्सिलबरोबर बसून ठरवण्यासाठी. २०१८ साली त्याचा अहवाल आला. निधीकपात तिलाही सोसावी लागली होती. म्हणजे पैसा नाही हे कारण खरे असले, तरी पुरेसे नाही. खुर्चीवर कोण आहे, यानेही फरक पडतो.

तीन प्रश्न

आज हॅम्पशायर पुन्हा पुनर्रचनेच्या उंबरठ्यावर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने दुपदरी कौन्सिल मोडून एकपदरी कौन्सिल करण्याचे धोरण जाहीर केले आणि पहिल्या टप्प्यात निवडलेल्या भागांत हॅम्पशायर आहे. कौंटीची सोशल केअर नव्या कौन्सिलमध्ये वाटली जाईल. अँडोव्हर आणि ल कोर्ट या दोन्ही जागांचा इतिहास समोर असताना तिथल्या लोकांनी, आणि आपणही, तीन प्रश्न विचारले पाहिजेत. कायद्याने जबाबदारी कोणाची? पैसा कोणाच्या हातून जातो आणि वाटेत कोण कापतो? आणि निर्णयाच्या टेबलावर ज्याचे आयुष्य आहे तो बसला आहे का? १८३४, १९३०, १९४८, १९७१, १९९३, प्रत्येक वेळी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बदलली. तिसऱ्याचे उत्तर फक्त ल कोर्टच्या लोकांनी बदलले, आणि म्हणून माणसे बाहेर पडून जगली.

आता आपल्या गावाकडे या. संविधानाचे कलम ४१ म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्याची हमी देण्याचे काम राज्याला सांगते. ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, कोर्टात थेट मागता येत नाही, आणि ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे बंधनही त्यावर आहे. त्या बंधनाआड लपून केंद्राने ६० ते ७९ वयाच्या निराधार वृद्धांच्या पेन्शनमधला आपला वाटा २००७ पासून महिना २०० रुपयांवर रोखून धरला आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आणलेल्या बाराव्या अनुसूचीत दुर्बल घटक आणि अपंग यांचे हितरक्षण हे नगरपालिकांचे काम म्हणून लिहिले आहे. आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे आहेत.

तेव्हा मित्रांनो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा हिशेब मांडतो तसा एक हिशेब या वर्षी मांडा. आपल्या ग्रामपंचायतीचे, नगरपालिकेचे ते ५ टक्के किती होतात आणि गेल्या तीन वर्षांत कशावर खर्च झाले, हे माहिती अधिकारात मागा. वस्तीतल्या अपंगांना आणि म्हाताऱ्यांना सोबत घेऊन ग्रामसभेत बसा. त्यांच्या वतीने बोलू नका, त्यांना बोलू द्या. प्रोजेक्ट ८१ ची सुरुवातही अशाच एका हिशेबाने झाली होती.

जय भीम!